एकाच इन्व्हर्टरवर वेगवेगळ्या दिशांची सोलर पॅनेल: वीज कुठे हरवते?

घराच्या एका छपरावर पाच पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून आणि दुसऱ्या छपरावर पाच पॅनेल पश्चिमेकडे तोंड करून बसवली, आणि ही दहाही पॅनेल एकाच इन्व्हर्टरला जोडली, तर वीज वाया जाते का? याचे उत्तर पॅनेलांच्या दिशेपेक्षा त्यांच्या जोडणीवर जास्त अवलंबून असते. वेगळ्या दिशांची पॅनेल एकाच माळेत ओवली, तर थंडीतल्या स्वच्छ सकाळी जवळपास एक तृतीयांश वीज बुडू शकते. तीच पॅनेल दिशेनुसार दोन वेगळ्या माळांत जोडली, तर हे नुकसान एक टक्क्याच्या आत येते. पॅनेल तीच, छप्पर तेच, इन्व्हर्टरही तोच; फरक फक्त तारांचा.

हा प्रश्न छपरावरच का येतो?

भुसावळजवळचे दीपनगर ओळखले जाते ते कोळशावरच्या विजेसाठी. महानिर्मितीच्या भुसावळ औष्णिक वीज केंद्राचे ५०० मेगावॉटचे दोन संच इथे आहेत. याच खान्देशात, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. अशा जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पात जागा मोकळी असते. पॅनेलांच्या रांगा एकाच दिशेला, एकाच कोनात बसवता येतात. शेतातल्या सौर कृषिपंपाचेही तसेच. सगळी पॅनेल एकाच सांगाड्यावर असतात. त्यामुळे तिथे दिशा मिसळण्याचा प्रश्न सहसा उभा राहत नाही.

घराचे तसे नसते. पुढे स्लॅब, मागे पत्र्याचे छप्पर, मध्ये जिन्याची खोली, तिच्यावर पाण्याची टाकी, कडेला कठडा, अशी छपरांची रचना दीपनगर, भुसावळ, जळगाव, धुळे इथल्या वस्त्यांत नेहमीची आहे. स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पॅनेल हवी तशी दक्षिणेकडे वळवता येतात. पत्र्यावर मात्र पॅनेल बहुधा पत्र्याच्या उताराला धरूनच बसतात. उतार पश्चिमेला असेल, तर पॅनेलही पश्चिमेलाच पाहणार. हव्या त्या किलोवॉटची पॅनेल एकट्या स्लॅबवर मावली नाहीत, की उरलेली पत्र्यावर जातात. तारा कशा जोडायच्या हा प्रश्न तिथून सुरू होतो.

दीपनगरवरून सूर्य कसा जातो?

दीपनगर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य दक्षिणेच्या बाजूला क्षितिजापासून फक्त ४५ अंशांच्या आसपास चढतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो.

घड्याळाची दुपार आणि सूर्याची दुपार यांतही इथे फरक आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. दीपनगर त्याच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास.

वर्षभराचा हिशेब पाहिला तर २० अंशांच्या आसपास कललेले दक्षिणमुखी पॅनेल इथे सर्वांत चांगले. पूर्वमुखी पॅनेल सकाळी जास्त वीज देते, पश्चिममुखी दुपारनंतर. दिवसभराच्या बेरजेत दोन्ही दक्षिणमुखीच्या मागे राहतात, पण ती निरुपयोगी नसतात. पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही दिशा वापरल्या तर वीजनिर्मिती दिवसभर अधिक सारखी पसरते. म्हणून दिशा वेगळी असणे हा स्वतःमध्ये दोष मानला जात नाही.

उन्हाचा परिणाम करंटवर, व्होल्टेजवर नाममात्र

पुढचे सगळे समजण्यासाठी पॅनेलचा एक गुणधर्म लक्षात ठेवावा लागतो. पॅनेलवर पडणारे ऊन निम्मे झाले, की त्याचा करंट जवळजवळ निम्मा होतो. व्होल्टेज मात्र जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी उतरते. म्हणजे सकाळी दक्षिणेकडच्या पॅनेलवर भरपूर ऊन आणि पश्चिमेकडच्या पॅनेलवर तिरपे, पातळ ऊन असेल, तर दोघांच्या करंटमध्ये मोठी तफावत असते, पण व्होल्टेज जवळपास सारखेच असते.

व्होल्टेजवर उन्हापेक्षा उष्णतेचा परिणाम मोठा. पॅनेल जितके तापते तितके त्याचे व्होल्टेज उतरते. जास्त ऊन असलेले पॅनेल जास्त तापते, त्यामुळे ऊन जास्त असल्याने वाढलेले थोडे व्होल्टेज उष्णतेने पुन्हा कमी होते. वेगळ्या दिशांच्या पॅनेलांची व्होल्टेज एकमेकांच्या जवळ राहण्याला याचीही मदत होते.

सिरीज आणि पॅरलल

पॅनेल जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पॅनेलचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला, त्याचे धन टोक तिसऱ्याला, अशी माळ ओवली की ती सिरीज जोडणी. या माळेला कारागीर स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंगमध्ये सगळ्या पॅनेलांच्या व्होल्टेजची बेरीज होते, पण करंट सगळ्यांतून एकच वाहतो. दोन स्ट्रिंगची धन टोके एकत्र आणि ऋण टोके एकत्र जोडली, की ती पॅरलल जोडणी. तिथे करंटची बेरीज होते आणि व्होल्टेज दोन्ही स्ट्रिंगना एकच पाळावे लागते.

शेतकऱ्याला हे पाण्याच्या उदाहरणाने लगेच समजते. पाणी उंच चढवायचे म्हणून एकाच पाइपलाइनवर एकामागे एक पंप बसवले, तर पहिल्या पंपातून जेवढे पाणी जाईल तेवढेच दुसऱ्यातून जाणार. त्यातला एक पंप कमी पाणी ओढत असेल, तर दुसऱ्याची ताकद असून उपयोग नाही. ही झाली सिरीज. याउलट दोन विहिरींवरचे दोन पंप एकाच टाकीत स्वतंत्र पाइपने पाणी सोडत असतील, तर एका विहिरीला पाणी कमी असले तरी दुसरीचे अडत नाही. अट एवढीच, की दोन्ही पंपांना टाकीच्या उंचीपर्यंत पाणी चढवता आले पाहिजे. ही झाली पॅरलल. या उदाहरणात पाण्याचा प्रवाह म्हणजे करंट आणि उंची म्हणजे व्होल्टेज.

दिशा वेगळी असली की करंट बदलतो, व्होल्टेज फारसे बदलत नाही. सिरीज जोडणीला सारखा करंट लागतो आणि पॅरललला सारखे व्होल्टेज. म्हणून वेगळ्या दिशांची पॅनेल सिरीजमध्ये एकमेकांना अडवतात आणि पॅरललमध्ये जवळजवळ अडवत नाहीत.

बायपास डायोड काय करतो?

सिरीजमध्ये कमी उन्हातली पॅनेल वाट अडवतात, तेव्हा करंटला पर्यायी रस्ता देण्यासाठी पॅनेलच्या मागच्या डब्यात बहुधा तीन बायपास डायोड असतात. स्ट्रिंगमधून पॅनेलच्या कुवतीपेक्षा जास्त करंट ओढला, की हे डायोड तो बाजूने वळवतात. पण मग त्या पॅनेलची स्वतःची वीज मिळत नाही, उलट डायोडमध्ये थोडी खर्च होते.

म्हणून मिश्र स्ट्रिंगसमोर दोनच मार्ग उरतात. एक तर सगळ्यांनी कमी उन्हातल्या पॅनेलच्या करंटवर चालायचे. नाहीतर कमी उन्हातली पॅनेल बाजूला टाकून फक्त चांगल्या उन्हातली चालवायची. दोन्हीकडे तोटा आहे. त्यातल्या त्यात कमी तोट्याचा मार्ग शोधण्याचे काम इन्व्हर्टरचे. इन्व्हर्टरमधल्या या यंत्रणेला एमपीपीटी म्हणतात. ती स्ट्रिंगचे व्होल्टेज सतत थोडे वरखाली करून जास्तीत जास्त वॅट कुठे मिळतात ते पाहत असते.

आकड्यांत: डिसेंबरचा एक स्वच्छ दिवस

हिशेबासाठी दीपनगरच्या अक्षांशावरचे एक घर धरू. ५४० वॅटची दहा पॅनेल, म्हणजे ५.४ किलोवॉट, आणि ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर. पाच पॅनेल स्लॅबवर दक्षिणेकडे, पाच पत्र्यावर पश्चिमेकडे. दोन्हींचा कल २० अंश. अशा पॅनेलचे काम करतानाचे व्होल्टेज साधारण ४१ आणि पूर्ण उन्हातला करंट साधारण १३ अँपिअर असतो. पुढचे आकडे सूर्याच्या स्थितीवरून काढलेले, ढोबळ आहेत.

सकाळी साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडच्या पॅनेलवर दर चौरस मीटरला सुमारे ५५० वॅट ऊन पडते, पश्चिमेकडच्या पॅनेलवर सुमारे २५०. त्यानुसार करंट अनुक्रमे ७.२ आणि ३.२ अँपिअर.

- दोन गट दोन स्वतंत्र एमपीपीटीवर: १,४८० अधिक ६५०, एकूण सुमारे २,१३० वॅट.
- पाच-पाचच्या दोन स्ट्रिंग पॅरलल, एका एमपीपीटीवर: सुमारे २,११० वॅट.
- दहाही पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये: ३.२ अँपिअरवर चालवली तर सुमारे १,३९० वॅट. पश्चिमेकडची बायपास केली तर सुमारे १,४२० वॅट.

म्हणजे एका स्ट्रिंगमध्ये ओवल्याने २,१३० ऐवजी फार तर १,४२० वॅट मिळाले. एक तृतीयांश वीज तारांच्या जोडणीत गेली.

साडेबाराच्या सुमारास तफावत कमी होते. दक्षिणेकडे सुमारे ८७०, पश्चिमेकडे सुमारे ६७० वॅट ऊन असते. पॅनेल तापल्यामुळे व्होल्टेजही थोडे उतरलेले असते. स्वतंत्र जोडणीत सुमारे ३,८०० वॅट मिळतात, एका स्ट्रिंगमध्ये सुमारे ३,४४०. नुकसान दहा टक्क्यांच्या जवळ.

साडेतीनला दोन्ही गटांवर जवळपास सारखे ऊन असते. तेव्हा कोणत्याही जोडणीत जवळजवळ तेवढेच वॅट मिळतात. ढगाळ दिवशीही तसेच होते. ढगांतून येणारा प्रकाश सगळ्या दिशांनी येतो, त्यामुळे दोन्ही गटांना सारखाच वाटा मिळतो. यंत्रणा पावसाळ्यात सुरू झाली किंवा तिची तपासणी दुपारी उशिरा झाली, तर हा दोष दिसतच नाही, त्याचे हे कारण आहे.

पॅरलल जोडणीच्या तीन अटी

पॅरलल जोडणीत दिशा वेगळी चालते, पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली अट पॅनेलांच्या संख्येची. दोन्ही स्ट्रिंगमध्ये पॅनेल सारख्याच संख्येची आणि शक्यतो एकाच मॉडेलची हवीत. स्लॅबवर सहा आणि पत्र्यावर चार मावली म्हणून सहाची एक आणि चारची एक स्ट्रिंग करून ती एकाच एमपीपीटीवर पॅरलल जोडली, तर एकीला २४६ व्होल्ट हवे असतात आणि दुसरीला १६४. इन्व्हर्टर एकच व्होल्टेज धरू शकतो. अशा जोडणीत सारखे ऊन असतानाही साधारण पाचवा हिस्सा वीज जाते. संख्या विषम असेल, तर दोन स्वतंत्र एमपीपीटी हाच उपाय.

दुसरी अट करंटच्या मर्यादेची. ५४० वॅटच्या पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट १४ अँपिअरच्या जवळ असतो. दोन स्ट्रिंग पॅरलल झाल्या की तो २८ च्या जवळ जातो. अनेक लहान इन्व्हर्टरच्या एका एमपीपीटीची मर्यादा याहून बरीच कमी असते. पूर्व आणि पश्चिमेची पॅनेल एकाच वेळी शिखरावर नसतात, हे खरे. पण कल कमी असेल तर भर दुपारी दोन्हींवर चांगलेच ऊन असते. म्हणून माहितीपत्रकातली मर्यादा दोन्ही स्ट्रिंगची बेरीज करूनच तपासावी लागते.

तिसरी अट खान्देशाच्या उन्हाळ्याची. दहा पॅनेलांच्या एका स्ट्रिंगऐवजी पाच-पाचच्या दोन केल्या, की व्होल्टेज ४१० वरून २०५ वर येते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा पॅनेलचे स्वतःचे तापमान ७० अंशांच्या आसपास पोचू शकते, आणि पाच पॅनेलांच्या स्ट्रिंगचे व्होल्टेज १७५ पर्यंत उतरू शकते. इन्व्हर्टरची एमपीपीटीची खालची मर्यादा २०० व्होल्ट असेल, तर ही आखूड स्ट्रिंग नेमकी उन्हाळ्यात त्याच्या आवाक्याबाहेर जाते. मर्यादा ८० किंवा १०० व्होल्ट असेल तर अडचण नाही. पत्र्याला चिकटून बसवलेली पॅनेल स्लॅबवरच्या उंच सांगाड्यापेक्षा जास्त तापतात, हेही यात धरावे लागते. पत्रा आणि पॅनेल यांच्यात वारा खेळण्यापुरते अंतर ठेवले तर दोन्ही गटांची व्होल्टेज जवळ राहतात आणि एकूण वीजही वाढते.

इनपुट दोन म्हणजे एमपीपीटी दोन असे नाही

इन्व्हर्टरच्या खाली धन-ऋण टोकांच्या दोन जोड्या दिसल्या, की दोन स्वतंत्र एमपीपीटी आहेत असा समज होतो. तो दरवेळी बरोबर नसतो. काही इन्व्हर्टरमध्ये दोन्ही जोड्या आतून एकाच एमपीपीटीला मिळालेल्या असतात. ती फक्त पॅरलल जोडणीची सोय असते. माहितीपत्रकात एमपीपीटीची संख्या आणि प्रत्येक एमपीपीटीमागे किती स्ट्रिंग, हे दोन आकडे वेगळे दिलेले असतात. त्यातला पहिला आकडा दोन असेल, तर दक्षिणेची स्ट्रिंग एकावर आणि पश्चिमेची दुसऱ्यावर जोडावी. घरगुती यंत्रणेत दोन दिशांसाठी सर्वांत सरळ आणि स्वस्त उपाय हाच.

छपराला तीन दिशा असतील आणि एमपीपीटी दोन, तर ज्या दोन दिशांच्या स्ट्रिंगमध्ये पॅनेलांची संख्या सारखी आहे त्या पॅरलल करून एका एमपीपीटीवर द्याव्यात आणि तिसरी दुसऱ्यावर.

किती फरक चालतो?

प्रत्येक लहान फरकासाठी वेगळी स्ट्रिंग करायची गरज नसते. दोन्ही गट दक्षिणेलाच आहेत, पण एकाचा कल १० अंश आणि दुसऱ्याचा २० अंश, असे धरू. मार्चमध्ये दुपारी त्यांच्यावर थेट पडणाऱ्या उन्हात फरक सुमारे २ टक्के. डिसेंबरमध्ये तो ९ टक्क्यांच्या जवळ जातो. ती पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये असली, तर त्या वेळचे एकूण नुकसान चार-पाच टक्के. वर्षभरात हे आणखी कमी भरते. दक्षिणेपासून दहा-पंधरा अंश वळलेल्या सांगाड्याचेही तसेच. एवढा फरक नाइलाज असेल तर सोसता येतो.

उलट्या किंवा काटकोनातल्या दिशा, म्हणजे पूर्व-पश्चिम किंवा दक्षिण-पश्चिम, एका स्ट्रिंगमध्ये कधीच घेऊ नयेत.

उत्तरेकडच्या उताराचा विचार वेगळा करावा लागतो. जूनमध्ये दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असल्यामुळे २० अंश कललेले उत्तरमुखी पॅनेल दक्षिणमुखीपेक्षा थोडे सरसच ठरते. डिसेंबरच्या दुपारी मात्र त्याच्यावर थेट ऊन दक्षिणमुखीच्या निम्म्यापेक्षाही कमी पडते. पत्र्याचा उतार फक्त पाच-सात अंशांचा असेल तर उत्तरेची बाजूही वापरता येते, पण तिची स्ट्रिंग वेगळीच हवी. उतार जास्त असेल तर तिथे पॅनेल न बसवलेलीच बरी.

ऑप्टिमायझर आणि मायक्रोइन्व्हर्टर

छप्पर फारच तुकड्यांचे असेल, म्हणजे दोन पॅनेल इकडे, तीन तिकडे, त्यात टाकीची सावली, तर स्ट्रिंग पाडणेच कठीण होते. तिथे दोन उपाय आहेत. ऑप्टिमायझर हा प्रत्येक पॅनेलमागे बसणारा लहान डबा. तो त्या पॅनेलची जास्तीत जास्त वीज काढून तिचे करंट-व्होल्टेज स्ट्रिंगला जुळेल असे बदलतो. मायक्रोइन्व्हर्टर प्रत्येक पॅनेलमागेच थेट एसी वीज तयार करतो, त्यामुळे स्ट्रिंगचा प्रश्नच उरत नाही.

दोन्हींचा खर्च पॅनेलच्या संख्येनुसार वाढतो. दुरुस्तीसाठी छपरावर चढावे लागते आणि तापलेल्या पॅनेलखाली इलेक्ट्रॉनिक भाग ठेवावे लागतात. छपराला फक्त दोन सरळ दिशा असतील, तर दोन एमपीपीटीचा इन्व्हर्टर पुरेसा आहे. तिथे ऑप्टिमायझरवर खर्च केल्याने फारसे हाती लागत नाही.

बसवलेल्या यंत्रणेत दोष कसा ओळखावा?

बहुतेक नव्या इन्व्हर्टरचे मोबाइल ॲप असते. त्यात डीसी बाजूचे व्होल्टेज आणि करंट दिसतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी, शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीनला हे आकडे लिहून घ्यावेत.

नीट जोडलेल्या स्ट्रिंगचे व्होल्टेज दिवसभर थोडेफारच हलते. वाढतो-घटतो तो करंट. व्होल्टेज सकाळी निम्म्याच्या आसपास आणि दुपारनंतर पूर्ण, अशी उडी दिसली, तर स्ट्रिंगचा निम्मा भाग सकाळी बायपास होत आहे असे समजावे. सावलीमुळेही असे होते. म्हणून त्याच वेळी छपराकडे पाहून कठडा, टाकी किंवा झाडाची सावली नाही ना, याची खात्री करावी. सावली नसेल, तर वेगळ्या दिशा एका स्ट्रिंगमध्ये ओवल्याचा संशय बळावतो. बायपास डायोड अधूनमधून पडणाऱ्या सावलीसाठी असतात. रोज तासन्‌तास त्यांच्यातून करंट गेला तर ते तापत राहतात, म्हणून दुरुस्ती लांबवू नये.

धुळीनेही थोडा असाच परिणाम होतो. कमी कलाच्या पॅनेलवर धूळ जास्त साचते, आणि औष्णिक केंद्राच्या परिसरात राखेचे बारीक कणही त्यात मिसळतात. स्ट्रिंगमधली दोनच पॅनेल मळलेली असली तरी बाकीच्यांचा करंट अडतो. तपासणीआधी सगळी पॅनेल सकाळी थंड असताना धुऊन घ्यावीत.

दोष सापडला तर पॅनेल हलवावी लागत नाहीत. बहुधा स्ट्रिंग दिशेनुसार वेगळी करून इन्व्हर्टरपर्यंत आणखी एक डीसी केबलची जोडी ओढावी लागते. हे काम मात्र घरी करण्याचे नाही. डीसी बाजूला दोनशे ते चारशे व्होल्ट असतात, आणि ऊन आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाही. करंट वाहत असताना जोड ओढला तर ठिणगी विझत नाही, भाजते आणि आग लागू शकते. आधी इन्व्हर्टर आणि डीसी स्विच बंद करून, जाणकार तंत्रज्ञाकडूनच जोडणी बदलून घ्यावी.

अनुदान किलोवॉटवर, बचत युनिटवर

प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. तिच्यात १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. अनुदान ठरते ते क्षमतेवर. वीजबिल मात्र कमी होते ते प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटनी. जोडणी चुकली तरी कागदावर किलोवॉट तेवढेच राहतात, अनुदानही तेवढेच मिळते आणि नेट मीटरही बसतो. कमी पडतात ती युनिट, आणि ती कमी पडल्याचे सांगणारे कोणी नसते.

महाराष्ट्रात १ किलोवॉटमागे महिन्याला साधारण १२० युनिटचा अंदाज धरतात. उदाहरणातल्या ५.४ किलोवॉटच्या घरात वर्षभराची सरासरी तूट दहा टक्के धरली, तरी महिन्याला साठ-पासष्ट युनिट जातात. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे मानले जाते. तेवढी वर्षे ही तूट चालू राहते, आणि ती टाळण्याचा खर्च म्हणजे बसवतानाच ओढलेली केबलची एक जास्तीची जोडी.

म्हणून काम देण्याआधी पुढच्या गोष्टी लेखी मागून घ्याव्यात:

- कोणते पॅनेल कोणत्या स्ट्रिंगमध्ये आणि प्रत्येक स्ट्रिंगचे तोंड कोणत्या दिशेला, हे दाखवणारा छपराचा साधा आराखडा.
- इन्व्हर्टरमध्ये एमपीपीटी किती, आणि कोणती स्ट्रिंग कोणत्या एमपीपीटीवर.
- पॅरलल स्ट्रिंग असतील तर दोन्हींतली पॅनेलसंख्या, आणि करंटची बेरीज इन्व्हर्टरच्या मर्यादेत असल्याचा आकडा.
- मे महिन्यातल्या तापलेल्या पॅनेलांचे स्ट्रिंग व्होल्टेज आणि इन्व्हर्टरची खालची मर्यादा.
- ॲपमध्ये प्रत्येक एमपीपीटीचे व्होल्टेज आणि करंट वेगळे दिसतील याची सोय.

हे पाच मुद्दे आराखड्यावर आले, की पत्र्याचा उतार कोणत्याही बाजूला असला तरी तिथल्या पॅनेलची वीज मीटरपर्यंत पोचते. आराखडा एकदा पाहून मंजूर केल्याशिवाय सांगाडा उभारायला सुरुवात करू देऊ नये; तारा एकदा पॅनेलांखाली गेल्या, की कोणती माळ कुठे जाते हे खालून दिसत नाही.